अक्का कुणाची?

धारवाडच्या भाजीबाजारात ‘अक्का’ अशी हाक आली की कन्नड बोलणारी बाई वळून बघते, तशी मराठी बोलणारीही वळते. आमच्या घरात थोरली बहीण ती अक्काच. पुण्याच्या नातेवाइकांची ‘ताई’ आमच्या तोंडी आजही बसलेली नाही. इतक्या जवळच्या या शब्दाविषयी कितीतरी चुकीचं ठामपणे सांगितलं जातं.

सर्वांत जास्त ऐकू येतं ते असं : अक्का मूळचा संस्कृत, तिथून तो कन्नडमध्ये गेला आणि मग मराठीत आला. पुरावा म्हणून पाणिनीचं नाव घेतात. हाक मारताना ‘अम्बा’चं ‘अम्ब’ होतं, या पाणिनीच्या नियमाची उदाहरणं देताना टीकाकारांनी ‘अक्का’ही घेतला आहे, हे खरं. तिथे त्याचा अर्थ आई. पण संस्कृत ग्रंथात सापडलेला शब्द संस्कृतातच जन्मला असं ठरत नाही. कन्नड, तेलुगू आणि तमिळ तिन्ही भाषांत अक्का म्हणजे थोरली बहीण. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली आपल्या व्याकरणग्रंथात द्राविडी भाषांतून संस्कृतात गेले असावेत अशा शब्दांची यादी दिली, तिच्यात अक्का आहे. कन्नडचा थोर कोशकार फर्डिनांड किटेल या आपल्या धारवाडातही राहून गेला. त्याच्या १८९४ च्या कोशाच्या प्रस्तावनेतही अशा शब्दांची यादी दिलेली आहे.

मग मराठीने तो घेतला कशाला? ‘बहीण’ होतीच की! होती, पण तेवढ्याने भागत नव्हतं. संस्कृत ‘भगिनी’पासून आलेल्या ‘बहीण’ या शब्दात थोरली-धाकटी हा भेद नाही, तो वेगळा सांगावा लागतो. कन्नडमध्ये मात्र थोरली ती अक्का, धाकटी ती तंगी. थोरला तो अण्णा, धाकटा तो तम्मा. वयाचा मान नात्याच्या शब्दातच आहे. मराठीने यातले अक्का आणि अण्णा हे दोन मानाचे शब्द घेतले, तंगी-तम्मा घेतले नाहीत. मला ही निवड फार बोलकी वाटते. धाकट्यांना आपण नावानेच हाक मारतो. शब्दाची गरज थोरल्यांसाठी होती.

हे केवळ सीमाभागातलं बोलणं, असंही काही जण म्हणतात. तसं असतं तर ‘अक्काबाईचा फेरा’ साऱ्या महाराष्ट्राला कसा कळला असता? घराला दारिद्र्य आलं की हा वाक्प्रचार वापरतात, आणि त्यामुळे अक्का हा शब्दच अशुभ असल्याचा समज होतो. वास्तविक अक्काबाई म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, अलक्ष्मी. संस्कृतात तिचं नाव ज्येष्ठा, म्हणजे थोरलीच. अशुभ ती देवता. शब्द फक्त तिचं नातं सांगतो. आणि त्याच शब्दाने कर्नाटक बाराव्या शतकातल्या संतकवयित्री अक्कमहादेवीला आजतागायत आदराने ओळखतं. इथल्या शाळांत मुलं बाईंना ‘अक्कोरु’ म्हणतात, तेही मानानेच.

आता एक दूरचा गैरसमज. स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलोफ यांच्या नील्सच्या प्रवासकथेत (१९०६-०७) रानहंसांच्या थव्याची म्हातारी पुढारीण आहे, तिचं नाव अक्का! उत्तर स्वीडनमध्ये त्याच नावाचा पर्वत आहे. तिथल्या सामी लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ म्हातारी बाई, फिनिशमध्येही तोच. हे वाचलं की आपली अक्का लॅपलँडपर्यंत पोचली असं वाटायला लागतं. द्राविडी भाषांचं फिनिशसारख्या भाषांशी नातं जोडण्याचा प्रयत्न खुद्द कॉल्डवेल यांनीही केला होता, पण ते नातं सिद्ध झालेलं नाही. आई-आजी-बहीण यांना हाक मारायचे शब्द तान्ह्या तोंडाला सोप्या ध्वनींचे असतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांतही ते सारखे का दिसतात, याची भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी ‘मामा’ आणि ‘पापा’ या शब्दांवरून फार सुंदर चिकित्सा केली आहे.

शिवाय ही अक्का स्वीडिश शब्द नव्हेच. सामी आणि फिनिश या स्वीडिशच्या शेजारणी; कूळ निराळं. स्वीडिश मुलीला थोरल्या बहिणीसाठी ‘स्तूरासिस्टर’ असा जोडशब्दच वापरावा लागतो. त्याचा शब्दशः अर्थ, मोठी बहीण.