पाचटाचा कोळसा आणि शिशाचं फसवं शून्य

जुन्नर-आंबेगावात ऊस तुटला की फडात पाचट उरतं. बरेच जण काडी लावून मोकळे होतात. आम्हाला तेच पाचट हवं होतं, म्हणून काडी लागायच्या आत फड गाठायची धावपळ असे. दिवस कलला की मात्र कुणी फडाकडे फिरकत नसे. बिबट्याची मादी पिलं उसातच ठेवते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. भारे बांधायचे ते भर उन्हात.

बंद डब्यांत पाचट भाजून कोळसा करायची युक्ती आमची नव्हे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने ती रुजवली, आणि २००२ मध्ये या कामाला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांना चुलीसाठी जळण हवं होतं. आम्हाला पाण्यातलं शिसं पकडायचं होतं.

पहिल्याच चाचणीत पाण्यातलं शिसं जवळपास शून्यावर आलं. आम्ही हरखलो. प्रयोगशाळेतल्या ताईंनी एवढंच विचारलं, “सामू पाहिलात का?”

पाहिला नव्हता. मोजला तर नऊच्या वर! पाचटाच्या कोळशात राख असते, ती पाणी अल्कधर्मी करते, आणि मग शिसं आपोआप साका होऊन खाली बसतं. चंबू उजेडापुढे धरला तर बुडाशी पांढुरका थर स्पष्ट दिसत होता. कोळशाने फारसं काही धरलंच नव्हतं. पाणी जरा आंबट झालं असतं तर ते शिसं पुन्हा विरघळलं असतं. मग कोळसा सौम्य आम्लाने धुतला, निथळ उदासीन होईपर्यंत साध्या पाण्याने धुतला आणि सामू पाचला बांधून तीच चाचणी पुन्हा घेतली. बरंच शिसं पाण्यात तसंच राहिलं. ते शून्य आम्ही वहीतून खोडलं.

खरं काम तिथून सुरू झालं. कोळसा फेरिक क्लोराइडमध्ये भिजवून, वाळवून पुन्हा भाजला. कणांवर लोखंडाच्या ऑक्साइडचं पूट चढलं. जुन्या स्पीकरचा चुंबक जवळ नेला तर काळी पूड त्याला केसाळ होऊन चिकटायची. या कोळशाने शिसं खरोखर धरलं. पण ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये. विहिरीच्या पाण्यात शिसं मिसळून, सामू तोच ठेवून पाहिलं, तर कामगिरी घसरली. आमच्याकडचं पाणी जड. कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याच जागा अडवतात. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे. तिथवर पोचायचं तर चाचणी विहिरीच्या पाण्यातच हवी, असं माझं ठाम मत झालं.

पाचट देणारे तात्या एकदा वापरलेल्या कोळशाचा डबा बघून म्हणाले, “टाकून कशाला देता? आमच्या टोमॅटोला द्या की.” कोळसा मातीला चांगला, हे त्यांचं बरोबरच होतं. पण या कोळशाच्या पोटात शिसं होतं, आणि शिसं कुजत नाही, जळून नाहीसं होत नाही. मी हात जोडले. डबा झाकण लावून, चिठ्ठी डकवून कुलपात ठेवला. असा माल घातक कचराच. त्याची विल्हेवाट लावणारं केंद्र शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत आहे.

उद्या कुणी तुमच्या विहिरीसाठी असा कोळसा विकायला आला, तर किमतीआधी एक विचारा: वापरून झालेला कोळसा परत कोण नेणार?