वनछत्राच्या उंचीचे हवाई मापन

वनातील वृक्षांचे शेंडे व पर्णसंभार मिळून बनणाऱ्या वरच्या थरास वनछत्र म्हणतात. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून या थराची जमिनीपासूनची उंची ठरविणे व तिचा नकाशा तयार करणे, हा वनसर्वेक्षणाचा एक महत्त्वाचा भाग आहे. लाकडाचे घनफळ काढण्यास वृक्षाची उंची व खोडाचा घेर ही दोन्ही लागतात. पैकी घेर आकाशातून दिसत नाही. उंची मात्र मोजता येते. दुर्गम वनातील लाकूडसाठ्याचा आणि त्यात साठलेल्या कार्बनाचा अंदाज पुष्कळसा तिच्यावरच अवलंबून असतो.

सर्वांत सोपी पद्धत सावलीची होय. छायाचित्राचा दिनांक, वेळ व स्थळ यांवरून सूर्याचा उन्नतांश काढतात. तो ४५° असेल, तर सपाट जमिनीवरील सावलीची लांबी हीच वृक्षाची उंची असते. दाट वनात सावली शेजारच्या वृक्षांवर पडत असल्याने ही पद्धत विरळ वनापुरतीच उपयोगी आहे.

अधिक व्यापक पद्धत पराशयाची आहे. विमान पुढे जात असताना लागोपाठची छायाचित्रे अशी घेतात की, त्यांचा सु. ६०% भाग समाईक असतो. कॅमेऱ्याला जवळ असलेला शेंडा दूरच्या बुंध्यापेक्षा दोन छायाचित्रांत अधिक सरकलेला दिसतो. हा फरक त्रिमितिदर्शकाखाली पराशय दंडाने मोजतात. उड्डाणाची जमिनीपासूनची उंची ३,००० मी., छायाचित्रावरील आधाररेषा ९० मिमी. व पराशयातील फरक ०·६ मिमी. असेल, तर वृक्षाची उंची ३,००० × ०·६ ÷ ९०·६ म्हणजे सु. २० मी. येते. मापनात ०·०५ मिमी. एवढी चूक झाली, तरी उत्तर दीड मीटरहून अधिक बदलते. शिवाय सूचिपर्णी वृक्षांचे निमुळते शेंडे छायाचित्रात उमटतच नाहीत, त्यामुळे त्यांची उंची सहसा कमी भरते.

भारतात वनसाधनसंपत्तीचे पूर्वनिवेश सर्वेक्षण १९६५ मध्ये सुरू झाले व त्यात हवाई छायाचित्रांचा वापर झाला. १९८१ मध्ये त्याचे रूपांतर भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेत झाले. छायाचित्रांच्या अर्थबोधनाचे प्रशिक्षण देणारी संस्था डेहराडून येथे १९६६ मध्ये स्थापन झाली होती.

संगणकामुळे ठिकठिकाणचे वृक्ष हाताने मोजण्याऐवजी छत्राचा संपूर्ण पृष्ठभाग बिंदूबिंदूंनी उभा करता येऊ लागला. त्यातून जमिनीची उंची वजा केली की, वनछत्राच्या उंचीचा नकाशा मिळतो. खरी अडचण या वजाबाकीतच आहे. कारण दाट छत्राखालची जमीन कॅमेऱ्याला दिसत नाही. सह्याद्रीच्या सदाहरित वनात ही उणीव बारमाही असते. सागवान वनात पानगळीनंतर जमीन दिसते, पण तेव्हा निष्पर्ण छत्राचा पृष्ठभागच नीट हाती लागत नाही. जवळच्या मोकळ्या जागेची उंची गृहीत धरावी, तर उतारावर तीच मोठ्या चुकीचे कारण ठरते. पानांमधील फटींतून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या लेसर किरणांच्या मापनाने ही उणीव बरीच भरून निघाली. तथापि असे सर्वेक्षण खर्चिक असते. स्वित्झर्लंडने म्हणून लेसरने मिळविलेले भूपृष्ठ मुख्यतः कायम ठेवून, नियमितपणे घेतल्या जाणाऱ्या हवाई छायाचित्रांवरून देशभरातील वनस्पतींच्या उंचीचे नकाशे तयार केले.

या संयोगाचा एक अनपेक्षित लाभ भूतकाळाच्या अभ्यासाला झाला. दरड, खाण वा भराव यांनी बदल झालेला नसेल, तर जमीन काही दशकांत फारशी बदलत नाही. त्यामुळे आजच्या लेसर भूपृष्ठावर जुनी छायाचित्रे बसवून पूर्वीच्या वनाचीही उंची काढता येते. तोडलेल्या वनांच्या बाबतीत तर पुष्कळदा हाच एकमेव पुरावा उरतो. फिल्म आक्रसलेली असणे किंवा कॅमेऱ्याच्या भिंगाची माहिती गहाळ झालेली असणे, यांमुळे अशा मापनात काही मीटरांची चूक राहू शकते. खडक, जुने पूल, रस्त्यांची वळणे यांसारख्या न बदललेल्या खुणा दोन्ही काळांत जुळवून ती कमी करतात.