हिवाळ्याची बेगमी

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी शेकडो मैल पसरलेले एक विस्तीर्ण गवताळ मैदान आहे. नेब्रास्का, दक्षिण डाकोटा, उत्तर डाकोटा ही अमेरिकेची राज्ये याच मैदानात मोडतात. येथून समुद्र फार दूर. आणि उत्तरेकडून येणारा वारा अडवील असा पर्वतही वाटेत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात जी भूमी भट्टीसारखी तापते, तीच हिवाळ्यात कधी कधी उणे 30 अंश सेल्सिअसच्याही खाली गारठते.

1862 साली राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीवर घर बांधून जो पाच वर्षे राहील व ती जमीन कसून दाखवील, त्याला अल्प शुल्कात 160 एकर जमीन मालकीची मिळावी, असे त्या कायद्याने ठरविले. अमेरिकेच्या पूर्व भागातून आणि स्वीडन, नॉर्वे, जर्मनी अशा दूरच्या देशांतून हजारो गरीब कुटुंबे या मैदानाकडे निघाली. ही भूमी निर्जन मात्र नव्हती. पॉनी, ओमाहा, लकोटा इत्यादी मूळ रहिवासी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. कोठे करार करून, तर कोठे सैन्याच्या बळावर सरकारने त्यांना तेथून हटविले होते.

नव्याने आलेल्या कुटुंबाची खरी कसोटी हिवाळ्यात लागे. पाच वर्षे राहण्याची अट म्हणजे पाच हिवाळे काढण्याची अट! दुकान कित्येक मैल दूर असे, आणि एकदा बर्फ पडू लागले की वाटाच बुजून जात. म्हणून जे लागेल ते आधीच घरात हवे, हा तेथील पहिला नियम होता.

प्रथम निवारा. नदीनाल्यांचे काठ सोडले तर त्या मैदानात झाडे फारशी नव्हती. मग घर बांधावे कशाचे? त्यांनी ते जमिनीचेच बांधले. गवताच्या दाट मुळ्यांनी तेथील माती जणू विणून काढलेली होती. नांगराने तिचे लांब पट्टे कापीत, कुदळीने त्यांचे तुकडे करीत आणि गवताची बाजू खाली ठेवून ते तुकडे विटांसारखे रचीत. 16 फूट रुंद व 20 फूट लांब अशा लहानशा घराला अशा सुमारे 3,000 विटा लागत. भिंत दोन-तीन विटांइतकी जाड असे. मातीतून उष्णता सावकाश जाते. त्यामुळे चुलीची ऊब आत टिके आणि बाहेरची थंडी बाहेरच राही. पाऊस लागला की मातीचे छप्पर गळे, हा या घराचा मोठा दोष होता.

दुसरी गरज सरपणाची. बायसन नावाच्या रानगव्यांचे वाळलेले शेण मैदानावर सर्वत्र पडलेले असे. ते वेचून आणण्याचे काम बहुधा मुलांकडे असे. ते गोवरीसारखे जळे. पुढे बेसुमार शिकारीमुळे बायसन जवळजवळ नाहीसे झाले. तेव्हा गुरांचे शेण, दाणे काढलेली मक्याची कणसे आणि गवत यांवर भागवावे लागले. सुटे गवत क्षणात भडकून विझते. पण तेच पिळून त्याची घट्ट जुडी केली, तर आत हवा कमी शिरते व ते सावकाश जळते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गरज अन्नाची. अन्न कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना ओलावा आणि ऊब लागते. साठवणीच्या साऱ्या युक्त्या त्यांना या गोष्टी मिळू न देण्याच्या आहेत. भोपळ्याच्या चकत्या आणि मका उन्हात वाळवीत. थंडी पडू लागली की डुक्कर मारून त्याचे मांस मिठात मुरवीत व धुरावर धरीत. कारण मीठ मांसातील पाणी शोषून घेते. बटाटे, गाजरे, सलगम ही कंदमुळे जमिनीखालच्या खोल कोठारात ठेवीत. तेथे वरचे बर्फ पोहोचत नाही आणि फारशी ऊबही होत नाही. ही विद्या त्या भूमीत नवी नव्हती. आपल्याकडे धान्यासाठी जमिनीत पेवे खणीत, तशी पेवे पॉनी आणि ओमाहा लोक पूर्वीपासून खणीत असत व त्यांत वाळविलेला मका साठवीत.

गुरांसाठी उन्हाळ्यातच गवत कापून गंजी रचीत. शरद ऋतूत वाळल्या गवताला वणवा लागण्याचे भय असे. म्हणून घर आणि गंजी यांभोवती जमिनीचा पट्टा नांगरून उघडा करीत. हिमवादळात हातभर अंतरावरचेही दिसत नसे. अशा वेळी वाट चुकू नये म्हणून काही शेतकरी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधीत.

एवढे करूनही निसर्ग कधी कधी माणसाचा हिशेब चुकवी. 1880 साली डाकोटा प्रांतात ऑक्टोबरमध्येच हिमवादळ आले आणि पुढे रुळांवर बर्फ साचून आगगाड्या बंद पडल्या. तेव्हा 13 वर्षांची असलेली लॉरा इंगल्स पुढे लेखिका झाली. त्या हिवाळ्यावर तिने लिहिलेली ‘द लाँग विंटर’ ही कादंबरी 1940 साली प्रसिद्ध झाली. पीठ संपल्यावर कॉफीच्या दळणीत गहू दळून केलेल्या पावावर कुटुंबाने दिवस कसे काढले, ते तिने त्यात वर्णिले आहे. 12 जानेवारी 1888 रोजी तर सकाळ उबदार होती. पण अचानक हिमवादळ कोसळले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत शाळेतून घरी निघालेली अनेक मुले होती.

या बेगमीत एक वस्तू अशी असे, की ती घरात असूनही खायची नसे. ती म्हणजे बियाणे. हिवाळा लांबला, पिठाचा डबा रिकामा झाला, तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावताना घरधनी शंभरदा विचार करी. कारण ते खाल्ले तर आजची भूक भागे. पण बर्फ वितळल्यावर शेतात पेरायला काहीच उरत नसे. हिवाळ्यातून निभावून जाणे म्हणजे नुसते जिवंत राहणे नव्हे, तर वसंतात पेरणी करता येईल अशा स्थितीत राहणे होय, हे त्या कुटुंबातील लहान मुलालाही ठाऊक असे.