जुळणी-संचातून घडविलेल्या मोटारीचे इंजिन व ब्रेक : सुधारणेचा क्रम आणि मर्यादा

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याचा यंत्रकामाशी निकटचा संबंध आहे. लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसविलेले उल्हासनगर लघुउद्योगांसाठी ओळखले जाते. अंबरनाथ येथे आयुधनिर्माणी व मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी असून अंबरनाथ आणि बदलापूर या दोन्ही ठिकाणी औद्योगिक वसाहती आहेत. लेथकाम, वेल्डिंग व सुटे भाग हाताशी असलेल्या या परिसरात स्वतः मोटार जुळविण्याची इच्छा विद्यार्थ्यांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. अशा मोटारीची शक्ती वाढविताना कोणता क्रम पाळावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपीठिका

ब्रिटनमध्ये कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही मोटार १९५७ पासून सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळत असे. ग्राहकाने ती घरी जुळविल्यास तयार मोटारीवरील खरेदी कर वाचत असे. याच धर्तीची रोडस्टर अलिबागजवळील कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सने घडविली व तीत १.८ लिटरचे इसुझु इंजिन बसविले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी टाकाऊ भागांपासून किकने सुरू होणारी छोटी जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. मात्र ती नियमांत बसत नसल्याचेही नमूद करून त्या बदल्यात बोलेरो देऊ केली. कौशल्य आणि सुरक्षिततेचे निकष या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वेग आणि ऊर्जा

मोठे इंजिन बसविल्याने वेग वाढतो. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकासह ६०० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मोटारीची ऊर्जा ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ८३ किलोज्यूल असते, तर ताशी ९० किलोमीटर वेगाला ती सुमारे १८८ किलोज्यूल होते. म्हणजे वेग दीडपट झाला असता ऊर्जा सव्वादोन पट होते. या सर्व ऊर्जेचे ब्रेकमध्ये उष्णतेत रूपांतर व्हावे लागते. दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी होतो असे धरल्यास थांबण्याचे अंतर अनुक्रमे २३ व ५२ मीटर येते. चालकाच्या प्रतिसादाचा एक सेकंद मिळविल्यास तेच ४० व ७७ मीटर होते. पावसाळी निसरड्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते.

ब्रेकची सुधारणा

ड्रम काढून डिस्क बसविली की काम संपले, हा समज चुकीचा आहे. ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या फिरण्यामुळेच पुढचा शू ड्रमवर अधिक दाबला जातो. डिस्कमध्ये हे साहाय्य नसल्याने पायाचे बल अधिक लागते. मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटरवरून २२ मिलिमीटर केल्यास पेडल कमी खाली जाते. परंतु तेवढ्याच बलाने निर्माण होणारा दाब सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. म्हणून पेडल, सिलिंडर व कॅलिपर यांचा हिशेब एकत्रितपणे मांडावा लागतो.

दुसरी बाब समतोलाची आहे. ब्रेक लागताच भार पुढील चाकांवर सरकतो. अशा वेळी मागील चाके आधी जखडल्यास मोटार गर्रकन फिरते. यास्तव केवळ मागील ब्रेक प्रबळ करणे घातक ठरते. ब्रेक द्रव हवेतील आर्द्रता शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. त्यामुळे कोकणपट्टीच्या दमट हवामानात तो वेळेवर बदलणे अगत्याचे आहे. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या ‘बाहा’ स्पर्धेत दोन स्वतंत्र द्रवमंडले आणि चारही चाके जखडण्याची क्षमता अनिवार्य मानली जाते. हा निकष घरगुती जुळणीसही लावावा.

इंजिनबदलाचे परिणाम

नव्या इंजिनाचे वजन, बळ आणि तापमान यांचा भार चॅसिस, क्लच, गिअरपेटी व रेडिएटर यांवर पडतो. जड इंजिनामुळे पुढील आसावरील भार वाढून ब्रेकचा पूर्वीचा समतोल बिघडतो. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन घेतल्यास आणखी एक अडचण उद्भवते. ब्रेकच्या सर्वोला लागणारी निर्वात पेट्रोल इंजिनाच्या अंतर्ग्रहण नलिकेतून मिळते; डिझेल इंजिनात ती पुरेशी निर्माण होत नसल्याने वेगळा निर्वात पंप लागतो. तो न बसविल्यास इंजिन जोरात चालते, पण पेडल दगडासारखे होते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये वाहनाच्या आदिरूपाची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी आवश्यक असते. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था होय. त्यामुळे विद्यार्थ्यांनी घडविलेली मोटार बंदिस्त आवारापुरती मर्यादित ठेवणे इष्ट होय.

समारोप

प्रथम कायदेशीर मर्यादा, त्यानंतर ब्रेक व त्याची प्रत्यक्ष चाचणी आणि सर्वांत शेवटी इंजिन, हा क्रम पाळणे श्रेयस्कर ठरते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रकल्प-अहवालात अश्वशक्तीच्या आकड्याआधी थांबण्याच्या अंतराचा मोजलेला आकडा मागितला, तर हा क्रम विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडेल.