मुलाचं दुखणं किती आणि भीती किती? दोन्ही वेगळं मोजायला हवं

बेळगाव : "पाठ दुखतीय, आज शाळा नको." पोरगं हे महिनोन्महिने म्हणू लागलं की घरात दोनच निष्कर्ष निघतात. एक तर "पडून राहू दे बिचाऱ्याला", नाहीतर "नाटक करतंय". तपासण्यांत मोठं काही सापडलं नाही की नाटकाचा आरोप वाढतो. पण या दोन्हींच्या मध्ये तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे भीती. ती खरी असते आणि मोजताही येते.

एकच दुखणं, दोन आयुष्यं

तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं जुनाट समजलं जातं. समजा, पीयूसीला असलेल्या दोन मुली आहेत. दोघींची पाठ दुखते आणि दोघीही दुखण्याला दहापैकी सहा गुण देतात. एक निपाणीहून बस पकडून चिक्कोडीच्या कॉलेजला जाते. दुसरी बसची पायरी चढायलाच घाबरते. दुखण्याचा आकडा सारखाच, फरक भीतीच्या आकड्यात.

योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन या अभ्यासकांनी २००० साली या चक्राची सविस्तर मांडणी केली. हललं तर आणखी बिघडेल या भीतीने माणूस हालचाल टाळतो. टाळल्यामुळे स्नायू कमजोर होतात, मन खचतं आणि दुखणं आणखी वाढतं.

फोटो दाखवून मोजमाप

प्रौढांसाठी टॅम्पा नावाची १७ विधानांची प्रश्नावली आहे. पण "हालचालीची भीती वाटते का?" या मोघम प्रश्नाला चौदा वर्षांचा मुलगा काय उत्तर देणार? खांदे उडवून गप्प बसतो.

म्हणून नेदरलँड्समध्ये १९९९ साली रोजच्या कामांच्या फोटोंचा संच तयार झाला, त्याचं नाव 'फोडा'. आपल्या कानाला ते विचित्र वाटेल, पण ती इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. पुढे तिथेच किशोरवयीनांसाठी वेगळा संच झाला आणि २०१७ मध्ये अमेरिकेत त्याची इंग्रजी आवृत्ती आली. पद्धत सोपी आहे. एकेक फोटो दाखवायचा आणि हे काम करायची किती भीती वाटते, ते मुलाने आकड्यात सांगायचं. शेवटी कमी भीतीच्या कामापासून जास्त भीतीच्या कामापर्यंत एक शिडी तयार होते.

उपचार याच शिडीवर चालतात. फिजिओथेरपिस्ट आणि मानसतज्ज्ञ खालच्या पायरीपासून मुलाकडून ते काम थोडंथोडं करून घेतात. काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात. हा जमाखर्च कागदावर असला की प्रगती मुलालाही दिसते.

आपले फोटो कुठले?

खरी अडचण इथे आहे. आपल्या पोरांचा दिवस वेगळा. मांडी घालून जेवणं, उकिडवं बसणं, घागर उचलणं, गर्दीच्या लाल बसमध्ये उभं राहणं, दप्तर पाठीवर घेऊन शाळेचा जिना चढणं. हे फोटो संचात नसतील तर भीती तिथेच असूनही आकडा शून्य येईल.

भाषेचंही तसंच. घरी मराठी, शाळा कन्नड किंवा इंग्रजी, दवाखान्यातला फॉर्म तिसराच. ठणका, कळ, चमक, मुंग्या यांतला फरक मूल आईच्या भाषेतच सांगतं. फोटोला भाषा कमी लागते, पण त्याखालचा प्रश्न मुलाला समजेल असाच हवा.

पालकांनी काय करावं?

आधी डॉक्टरांना दाखवा. ताप, वजन घटणं, सांध्याला सूज, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काही असेल तर ते भीतीच्या खात्यावर टाकू नका, तातडीने तपासा.

गंभीर काही नसेल तर "कुठलं काम करायची जास्त धास्ती वाटते?" असं शांतपणे विचारा आणि यादी लिहून फिजिओथेरपिस्टकडे न्या. ही यादी म्हणजे निदान नव्हे, पण बोलायला सुरुवात होते. स्वतःची भीतीही तपासा. "नको, पडशील" हे आपणच दिवसातून किती वेळा म्हणतो?

किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत कर्नाटकात 'स्नेहा' आणि महाराष्ट्रात 'मैत्री' क्लिनिक आहेत. मनाच्या ताणासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

"दुखतंय का?" हे आपण रोज विचारतोच. त्याच्यासोबत "भीती कशाची वाटते?" हेही एकदा विचारून बघा.