'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये ऐन लढाईत टिरियन बेशुद्ध का पडतो?

पहिल्या सीझनचा नववा एपिसोड आठवा. लढाईला तोंड फुटतं, टिरियनच्या डोक्यात आपल्याच माणसाचा हातोडा बसतो आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा लढाई संपलेली असते. पुस्तकात मात्र हाच टिरियन चांगला लढतो. मग बदललं का? सरळ कारण, पैसा. तेव्हा एवढी मोठी लढाई उभी करण्याचं बजेटच नव्हतं.

गंमत म्हणजे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन आधी टीव्हीसाठीच लिहायचे. बजेटच्या कात्रीला वैतागून त्यांनी कादंबरीत हवं तेवढं मोठं जग उभं केलं. १९९६ ला पहिलं पुस्तक आलं, आणि तेच फिरून टीव्हीवर गेलं!

खरी अडचण वेगळीच होती. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून येतं. कोण कुणाचं कोण, हे त्याच्या मनातल्या विचारांतून कळतं. कॅमेऱ्याला मन कुठे दिसतं? पहिला पायलट ओळखीच्यांना दाखवला, तर सर्सी आणि जेमी बहीण-भाऊ आहेत हेच त्यांना कळलं नाही. मग शेवटच्या सीनचा धक्का बसणार कसा? पायलटचा बराचसा भाग पुन्हा शूट झाला, डेनेरिस आणि कॅटलिनच्या अभिनेत्रीही बदलल्या.

पुढचं संकट पैशाने सुटणारं नव्हतं. पाचवं पुस्तक २०११ ला आलं, पण २०१९ ला सिरीज संपली तरी सहाव्याचा पत्ता नव्हता. शेवटाचे मुख्य टप्पे मार्टिननी निर्मात्यांना सांगून ठेवले होते. तिथवरची वाट त्यांना स्वतःच काढावी लागली. शेवटच्या सीझनवर चाहते चिडले, त्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे.