मूत्रपिंडविकारातील कुक्कुटमांसाहार

मूत्रपिंडांची (वृक्कांची) कार्यक्षमता कायमची घटलेल्या रुग्णाच्या आहारातील कोंबडी, बदक, टर्की इ. पाळीव पक्ष्यांच्या मांसाचे स्थान. प्रथिनांच्या चयापचयातून यूरिया व इतर नत्रयुक्त त्याज्य द्रव्ये तयार होतात. दुर्बल मूत्रपिंडांना त्यांचे उत्सर्जन झेपत नाही. म्हणून कोंबडी सरसकट वर्ज्य ठरत नाही. तिची मात्रा मात्र विकाराच्या अवस्थेनुसार ठरवावी लागते.

कातडे काढून शिजविलेल्या छातीच्या १०० ग्रॅ. मांसात सु. ३१ ग्रॅ. प्रथिने, २३० मिग्रॅ. फॉस्फरस व २५० मिग्रॅ. पोटॅशियम असते. ही प्रथिने उच्च प्रतीची असतात. काळजात फॉस्फरस सु. ४०० मिग्रॅ. असल्याने ते टाळतात.

अपोहन (डायालिसिस) सुरू न झालेल्या, मधुमेह नसलेल्या व प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास वैद्यकीय देखरेखीखाली दर किग्रॅ. वजनामागे रोज ०.५५ ते ०.६० ग्रॅ. प्रथिने देतात; काही तज्ञ ०.८ ग्रॅ. ही मर्यादा मानतात. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस पहिल्या हिशेबाने जास्तीत जास्त ३६ ग्रॅ. प्रथिने मिळावयाची व त्यांतील बरीचशी भाकरी, भात, डाळ व दूध यांतूनच येतात. कोंबडीचा ३० ग्रॅ. शिजविलेला तुकडा (सु. ९ ग्रॅ. प्रथिने) खावयाचा, तर डाळीचा वाटा कमी करावा लागतो.

अपोहन सुरू झाल्यावर हा हिशेब उलटतो. त्या क्रियेत ॲमिनो अम्ले शरीराबाहेर जातात व प्रथिनांची गरज दर किग्रॅ.मागे १.० ते १.२ ग्रॅ. होते, म्हणजे वरील व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅ. अशा वेळी जुनेच पथ्य निष्ठेने पाळत राहिल्यास स्नायू झिजतात आणि रुग्ण कुपोषित होतो. पथ्य सैल करणे येथे उपचाराचाच भाग असतो, ही गोष्ट कुटुंबियांना पटविणे बहुधा कठीण जाते.

मांसाचे लहान तुकडे भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिल्यास फॉस्फरस व पोटॅशियम बरेच घटतात, प्रथिने मात्र बहुतांशी टिकतात. महाराष्ट्रात आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून कोंबडीचे अळणी पाणी किंवा सूप पाजतात. मूत्रपिंडविकारात ही माया उलटी पडते. कारण काढून टाकावयाचे क्षार नेमके त्या पाण्यातच उतरलेले असतात. रश्श्यातील सुके खोबरे व काजू पोटॅशियमची भर घालतात. मिठाची एकूण मर्यादा दिवसाला सु. ५ ग्रॅ. असून, मिठाऐवजी विकले जाणारे ‘कमी सोडियम’चे मीठ पोटॅशियम क्लोराइडयुक्त असल्यास ते रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते.

सॉसेज, नगेट इ. प्रक्रियित पदार्थांत बहुधा फॉस्फेट मिसळलेले असते. मांसातील नैसर्गिक फॉस्फरस सु. ४० ते ६० टक्के शोषला जातो, तर मिसळलेला जवळजवळ सगळाच. त्यामुळे ताजी कोंबडी केव्हाही बरी. शिजविलेल्या मांसातील क्रिएटिनिनामुळे रक्तातील त्याची पातळी काही तास वाढलेली दिसते. म्हणून रक्ततपासणीच्या आदल्या रात्रीपासून मांसाहार टाळतात.